चिपाडाचा बोर्ड

इंदापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

मुन्ना,

तुझा पत्ता बिबीजानकडून घेतला. देताना तिनं विचारलं, "भाई, काय लिहिणार हायस माझ्या पोराला?" मी म्हटलं, खुशाली. तू माझा फोन घेत नाहीस याला चौदा महिने होत आले, आणि आता तर तो नंबरच लागत नाही. घरात आपण आपली बोली बोलतो, पण लिहायचं म्हटलं की तुला-मला शाळेतली मराठीच येते. तेव्हा मराठीतच लिहितो. मामूचं अक्षर लावून वाच.

तू भिवंडीत गोदामात माल उतरवतोस असं तुझी आई सांगते. मला ते बरं वाटलं नाही. अकरा वर्षं माझ्या दुकानात काढलीस. तू जुळवलेल्या सांध्यातून कागद जात नसे. तिथं सुतारकामाला काय तोटा असेल? पटाशी हातात धरायची सोडून पाठीवर पोती कशाला?

दुकान चालू आहे. मिरवणुकीच्या स्पीकरचे बॉक्स मात्र मी बंद केलेत. कुणी विचारलं तर पाठ दुखते म्हणून सांगतो. दारं, खिडक्या, कपाटं असलं काहीबाही करतो.

गेल्या आठवड्यात एक वेगळं गिऱ्हाईक आलं. अजित नाव. लोणी देवकरच्या एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहे. घरी गाणी ऐकायला त्याला दोन बॉक्स स्वतःच्या हातानं करायचेत. आपण फक्त लाकूड निवडून द्यायचं आणि मापात कापून द्यायचं. वहीत आकृत्या काढून आणल्या होत्या. म्हणाला, "चाचा, मला सगळे प्रकार दाखवा. कुठला कशासाठी चांगला ते सांगा."

किती दिवसांनी कुणी तरी असं विचारलं. मी फळीवर तुकडे मांडले. त्याला म्हटलं, बोटाच्या पेरानं टकटक कर आणि ऐक. बॉक्सनं गायचं नसतं, गायचं ते आतल्या स्पीकरनं. बॉक्सनं गप्प बसायचं. दाबलेल्या भुशाचा एमडीएफ वाजवला तर तो मुका लागतो, म्हणून घरातल्या बॉक्सला तो चांगला. पण त्याच्या कडेत स्क्रू मारला की तो फाटतो. सागवान दिसायला राजबिंडं, पण उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं आणि सांधे बोलायला लागतात. प्लायचे थर एक उभा एक आडवा असतात, म्हणून तो स्क्रू दातात धरल्यासारखा धरतो. अठरा एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय घेतला की निम्मी काळजी मिटली. सगळं त्यानं लिहून घेतलं.

मग कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाला, "आणि तो?"

चिपाडाचा बोर्ड होता. उसाचा रस काढल्यावर राहतं ते चिपाड दाबून करतात तो. वरून गुळगुळीत कागद लावलेला. मी म्हटलं, तो कपाटाला. बॉक्सला न्हाय.

"का बरं?"

मी चहा सांगितला.

मुन्ना, तुझ्यावर माझा राग नाही हे सांगायला हे पत्र. गणपतीच्या मिरवणुकीत बॉक्सची पट्टा बांधायची कडी उपटली आणि तो बॉक्स त्या पोरीवर पडला, त्यात तुझा हेतू वाईट नव्हता. मी फौजदारालाही तेच सांगितलं होतं. पोरगा चांगला हाय साहेब, फक्त स्क्रू आखूड मारले. चूक कुणाच्याही हातून होते. तू परत ये. लोक विसरतात.

तुझा मामू,
महंमद


इंदापूर,
२४ नोव्हेंबर २०२५

मुन्ना,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

काल रविवारी अजित परत आला. हातात एक प्लास्टिकची बादली. आपल्याकडून नेलेले चार तुकडे त्यानं दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवले होते, मग दोन दिवस उन्हात वाळवले होते, आणि प्रत्येकात एकेक स्क्रू मारून आणला होता. कंपनीतली सवय. हसत होता. म्हणाला, "चाचा, तुम्ही सांगितलं ते मला तपासून बघायचं होतं. राग मानू नका."

प्लायमधला स्क्रू त्यानं पकडीनं ओढला. फळी उचलली गेली, स्क्रू जागचा हलला नाही. सागवानाचंही तेच. एमडीएफ फुगला होता, त्यातला स्क्रू जोर लावल्यावर निघाला.

मग चिपाडाच्या बोर्डाचा तुकडा त्यानं माझ्या हातात दिला. "हा तुम्हीच ओढा."

पकड लागली नाही. दोन बोटांनी धरला आणि स्क्रू बाहेर आला. त्याच्याबरोबर भुसा सांडला, वाळलेल्या चहापत्तीसारखा. वरचा कागद तसाच चकचकीत. वरून बघून कुणाला काही कळलं नसतं.

अजित म्हणाला, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. हलका आहे म्हणून मी हाच घेणार होतो." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "चाचा, काय होतंय? बसा."

मी बसलो. त्याला म्हटलं, साखर कमी झाली असंल. त्यानं समोरच्या टपरीवरून लिंबूसरबत आणून पाजलं. भला माणूस आहे.

आज दुकान उघडलं नाही. कडीला आठ दिवस पावसाचं पाणी लागलं होतं, एवढंच मी तुला आज लिहितो. पुढचं लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले.

महंमद


इंदापूर,
३० नोव्हेंबर २०२५

मुन्ना,

आज लिहितोच. मध्ये थांबलो तर पुन्हा व्हायचं नाही.

यंदाचा नाही, मागच्या वर्षीचा गणपती आठव. कन्हेरीच्या ऋषिराजनं त्याच्या साउंडसाठी बारा बॉक्स सांगितले होते. आठ झाले होते आणि वरचे चार राहिले होते. प्लाय बारामतीहून यायचा होता, तो सणाच्या गर्दीत अडकला. चतुर्थी तीन दिवसांवर. तेवढ्यात कळा सुरू झाल्या म्हणून तुझ्या शबीनाला दवाखान्यात नेल्याचा फोन आला आणि तू हातातला रंधा टाकून बारामतीला पळालास. मीच तुला म्हटलं, "जा, हितलं मी बघतो."

ऋषिराज दिवसातून दोनदा यायचा. "चाचा, चवथीला ट्रॉलीवर चढलं पायजेत. न्हाय तर मला आत्ताच सांगा, मी दुसरीकडं जातो." बत्तीस वर्षांत दिलेल्या तारखेला माल नाही असं माझ्या दुकानात झालं नव्हतं. लोक म्हणायचे, महंमदनं सांगितलं म्हणजे झालं. त्या नावाचा मला माज होता. दुसरं कारण नाही. प्लाय चार दिवसांनी आलाच असता.

दुकानात कपाटांसाठी आणलेला चिपाडाचा बोर्ड पडला होता. मी ते चार बॉक्स त्याचे केले. चारी बाजू, वरची आणि खालची फळी, सगळं. आतून पट्ट्यासुद्धा नाही मारल्या. सांध्यांना पुट्टी भरली, वरून काळा खरबरीत रंग दिला. रंग वाळल्यावर तो बोर्ड आहे की प्लाय, मला स्वतःला ओळखू आलं नसतं.

तू परत आलास तो पेढ्यांचा पुडा घेऊन. मुलगी झाली होती. माझ्या तोंडात पेढा घातलास आणि लगेच कड्या बसवायला घेतल्यास. एक बॉक्स उचललास आणि थांबलास.

"मामू, ह्यो हलका कसा?"

मी रंगाचा डबा धूत होतो. वर बघितलं नाही. "नवा प्लाय हाय. हलकाच येतो आता."

"दणकट हाय न्हवं?"

"मी करतोय ना मुन्ना."

तू पुढं काही विचारलं नाहीस. अकरा वर्षांत माझ्या शब्दावर तू दुसऱ्यांदा कधी विचारलं नाहीस. अठरा एमएमच्या प्लायला आपण पाऊण इंची स्क्रू मारतो, तसेच तू मारलेस. एका कडीला सहा. त्या स्क्रूंवर आपले शेकडो बॉक्स गावोगाव फिरले. एक कडी कधी निघाली नाही. तू बरोबर मारलेस मुन्ना. एक सूतही चुकलं नव्हतं.

आठ दिवस ते बॉक्स पावसात भिजले. नवव्या दिवशी दुपारी चारला, भर वस्तीतून ट्रॉली निघाली असताना एक चाक खड्ड्यात गेलं. कड्यांना बांधलेला पट्टा ताणला आणि वरच्या बॉक्सची कडी भुशातून उपटून आली. श्रेया तिच्या आज्याचं, दत्तोबांचं बोट धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. तिसरीत होती. ते बोट तिच्या मुठीत तसंच राहिलं होतं म्हणतात. हे मी तुला सांगायला नको, तू तिथं धावत गेला होतास. मी गेलो नाही. मी दुकानात राहिलेले बोर्डाचे तुकडे गोळा करून चुलीत घालत होतो.

दुसऱ्या दिवशी फौजदार दुकानात आला. उपटलेली कडी त्याच्या हातात होती, सहाही स्क्रू तिला लटकलेले.

"एवढ्या जड पेटीला एवढेसे स्क्रू? कुणी बसवले?"

तू माझ्या शेजारी उभा होतास. मी म्हटलं, "कड्या ह्यो बसवतो."

ते खरं होतं. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. तो म्हणाला, "म्हणजे आखूड पडले?" आणि मी म्हटलं, "आखूडच पडलं म्हणायचं साहेब. मी बघितलं न्हाय."

तू माझ्याकडं बघितलंस. त्या बघण्यात राग नव्हता, हेच मला अजून झोपू देत नाही. तू खाली मान घातलीस. तू माझं म्हणणं खरं धरलंस.

तू अकरा दिवस कोठडीत होतास. तुझ्या मुलीचं बारसं तुझ्याशिवाय झालं, आणि त्याचं जेवण मी जेवलो.

महंमद


इंदापूर,
१६ डिसेंबर २०२५

मुन्ना,

मागचं पत्र तुला मिळालं की नाही, कळायला मार्ग नाही. मिळालं असेल असं धरून पुढचं लिहितो.

पोलिसांनी त्या वेळी फक्त फुटलेला बॉक्स नेला होता, आणि तो कशाचा आहे हे कुणी तपासलं नाही. उरलेले तीन ऋषिराजकडंच होते. अजितनं तो तुकडा माझ्या हातात दिला तेव्हापासून मला तेच दिसत होतं. हे तीन कुठं असतील, आज कुणाच्या डोक्यावर असतील? आणि मी चौदा महिने हा विचार एकदाही केला नव्हता. केला नव्हता असंही नाही. आला की मी तो बाजूला सारायचो.

कन्हेरीला गेलो. ऋषिराजच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिन्ही होते, नवा लाल रंग दिलेले. लग्नसराई तोंडावर आहे. त्याला मी सगळं सांगितलं.

तो आधी हसला. "चाचा, वर्षभर वाजत्यात की. कुठं काय झालं?"

मी बॉक्स आडवा केला, कडी दोन्ही हातांनी धरली आणि पाय लावून ओढली. एकसष्टाव्या वर्षी माझ्या अंगात जोर तो किती? कडी हातात आली.

ऋषिराज खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "परवाच्या वरातीत माझी बायको ह्याच ट्रॉलीच्या शेजारनं चालत होती." आणि थोड्या वेळानं, "चाचा, तवाच मला सांगायचं व्हतं. मी चार दिस थांबलो असतो."

"तू थांबला असतास?"

"न्हाय," तो म्हणाला. "पर तुमी सांगायचं व्हतं."

मी कुऱ्हाड मागितली. तो उठला आणि त्यानं शेडचं शटर खाली ओढलं, रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून. मग कुऱ्हाड दिली. दोन बॉक्स मी फोडले. फोडायला काही लागलंच नाही, कणसाचा दाणा निघावा तसे कोपरे सुटत गेले. तिसरा मी ठेवला. त्याला म्हटलं, हा पोलीस ठाण्यात नेणार.

"चाचा, आता बोललात तर तुमी आत जाल. मी बी जाईन. ती पोरगी काय माघारी येणार हाय?"

"मुन्ना येईल," मी म्हटलं.

त्यानं अडवलं नाही. टेम्पोत बॉक्स चढवायला हातही लावला.

ठाण्यात आता नवा फौजदार आहे, तरुण. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "चाचा, चौदा महिन्यांनी आठवलं तुम्हाला?"

"आठवलं न्हाय साहेब. विसरलोच न्हवतो."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि जबाब लिहायला घेतला. साडेतीन तास लागले. त्यांनी मला अटक दाखवली, दोन दिवसांनी जामीन झाला. वकील म्हणतो, तुझाही नवा जबाब होईल, त्यासाठी तुला बोलावणं येईल. घाबरू नकोस. जे झालं ते सांग. मी काय बोललो तेही सांग, काही झाकू नकोस.

सुटल्यावर पहिल्यांदा बिबीजानकडं गेलो. ती भाकरी थापत होती. तिला ठाण्यातून कळलंच होतं. थापायची थांबली नाही, तशीच म्हणाली, "माझ्या पोराला गाव सोडायला लावलंस. आन् वरीसभर दर जुम्म्याला माझ्या हातचं जेवलास." तिनं काठवट बाजूला सारली आणि म्हणाली, "भाई, आता ह्या दारात येऊ नगंस."

दुकानाला मी कुलूप लावलं आहे. अजितला त्याचा प्लाय कापून दिला आणि का बंद करतोय तेही सांगितलं. तो दुकानाच्या पाटीकडं बघत उभा राहिला. मग तुकडे गाडीला बांधून, नमस्कार न करता गेला.

महंमद


इंदापूर,
११ जानेवारी २०२६

मुन्ना,

परवा ठाण्याच्या बाकावर तू मला म्हणालास, आता पत्र पाठवू नका. हे शेवटचं आहे आणि ते का लिहिलं ते पुढं कळेल. रागानं फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू एवढा वाळला असशील असं मला वाटलं नव्हतं. आधी मी ओळखलंच नाही. आत तुझा जबाब पाऊण तास चालला, मी बाहेर होतो. बाहेर आल्यावर तुला सरळ निघून जाता आलं असतं. तू माझ्या शेजारी बसलास. मी म्हटलं, "मुन्ना, मला माफ कर म्हणायचं तोंड न्हाय माझं."

तू म्हणालास, "मामू, मी मानलं होतं. मीच ती पोरगी मारली म्हणून मानलं होतं."

मग समोर बघत म्हणालास, "शबीना म्हणती, पोरीला घ्या. ती हात वर करून माझ्यामागं फिरती. मी न्हाय घेत. माझ्या हातातनं सुटंल असं वाटतं. सोळा महिन्यांची झाली. मी तिला एकदा बी उचललं न्हाय."

मला वाटलं होतं, मी तुझं नाव घेतलं, गाव घेतलं, काम घेतलं. तुझे हातच घेतलेत हे मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, "आता तर कळलं ना तुला?"

"कळलं," तू म्हणालास. "आधी बी कळलंच होतं, तुमचं पत्र वाचून. तरी न्हाय उचललं." आणि उठलास. एस.टी.ची वेळ झाली होती.

तू गेल्यावर मी दत्तोबांच्या वाडीला गेलो. तिथं जायचं मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, धीर होत नव्हता. ते गोठ्यात कडबा तोडत होते. मला ओळखत नव्हते. मी नाव सांगितलं, बॉक्स कुणी केला ते सांगितलं, कशाचा केला ते सांगितलं. आणि हे चौदा महिने दुसऱ्याच्या अंगावर ढकललं, तेही सांगितलं.

ते ऐकताना कडबा तोडायचे थांबले.

मग म्हणाले, "म्हंजी त्या पोरानं न्हाय केलं?"

"न्हाय आबा. त्यानं त्याचं काम चोख केलं व्हतं."

"मी त्याला मारलं." त्यांनी स्वतःचा उजवा हात बघितला. "ठाण्याच्या दारात, समद्यांदेखत. त्यो काय बी बोलला न्हाय. मी म्हनालो, तुला बी लेक झाली म्हनं. तुला बी असंच कळू दे, असं म्हनालो मी त्याला. त्येच्या तान्ह्या लेकराला."

मला हे माहीत नव्हतं, मुन्ना. तू कधी सांगितलं नाहीस. तुझ्या आईलाही नाही.

दत्तोबा उठले आणि गोठ्याच्या मेढीला धरून उभे राहिले. "माझ्या नातीचं वाटूळं तुमी केलं. तुमच्यासाठी माझ्याकडं काय न्हाय. तुमी आता जावा." मी वळलो, तर त्यांनी मागून हाक मारली. "अवं, थांबा. त्या पोराला कळवा. दत्तोबानं त्याचा शब्द माघारी घेतला म्हनून कळवा. त्येच्या लेकीला काय बी व्हायचं न्हाय. मी देवाला सांगतो, माझ्या तोंडनं चुकून गेलं. लवकर कळवा त्याला."

फोन तू घेणार नाहीस, म्हणून हे पत्र. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिलेत, माझ्या पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. मी तुला सांगितलं तर तू ऐकू नयेस, हे बरोबर आहे. पण हे त्यांनी सांगितलं आहे.

तिला उचलून घे, मुन्ना.

महंमद